दोऱ्या, पान एक्केचाळीस

चिंतामण हेडाऊंनी वही ठेवली टेबलावर
आणि वहीवर एक भिंग, पितळेच्या चौकटीचं,
एका इंचात किती धागे बसले ते मोजायचं.
विणकरांचे नऊशे शब्द,
गोळीबार चौकाच्या मागच्या गल्ल्यांतून घरोघरी वेचलेले.
"छापून द्या बाई. पन्नास प्रती. घाई नाही.
पण मी शहात्तरचा हाओ."

मे महिना. बडकस चौकातलं माझं दुकान.
दुपारी चारला कूलरची टाकी आटते
आणि मग तो नुसता उकाडाच फिरवत राहतो.
मी पडद्यावर आज्ञा लिहिते, पान नंतर उमटतं.
मधल्या दोन सेकंदांत
श्वास अजून अडतो माझा, सोळा वर्षं झाली तरी.

पहिल्या दिवशी चौकोन.
धोटा, फणी, कांडी, खळ,
सगळ्यांच्या जागी रिकामी खोकी,
सुट्टीत गावाला गेलेल्या आळीसारखी, कुलूपबंद.
लॉगमध्ये एकच ओळ, दोन हजार वेळा:
हे अक्षर या फॉन्टमध्ये नाही.
फॉन्ट बदलला.

दुसऱ्या दिवशी अक्षरं आली, पण अबोला धरून.
जोडाक्षरांच्या मधोमध हलन्त लोंबकळतोय,
आणि 'किनार'ची वेलांटी
क-ला सोडून न-च्या गळ्यात पडलेली.
रात्री अकराला डोक्यात उजेड पडला:
ही लिपी देवनागरी आहे, हे मी सांगितलंच नव्हतं यंत्राला.
ते बिचारं एकेक खूण
आली तशी ओळीनं मांडत होतं.

एक ओळ घातली. लिपी: देवनागरी.
आणखी एक. भाषा: मराठी.
आणि 'लुगडं'मधल्या ल-नं
उजवीकडची काठी टाकली,
मांडी घालून ऐसपैस बसला.
रिकाम्या दुकानात मी एकटीनंच टाळी वाजवली.

हेडाऊ आले. प्रूफ वाचलं नाहीच त्यांनी,
भिंग घेऊन पानावर वाकले,
ठाण तपासावं तसे, डावीकडून उजवीकडे.
"इथं तुटला."
काय?
"दोरा."

त्यांनी लिहिलं होतं दोऱ्या.
मी छापलं होतं दोर्या.
जुन्या फॉन्टातला मजकूर नव्यात ओतताना
पापणीएवढा तो र उडाला
आणि या-च्या डोक्यावर जाऊन बसला.
मी तीनदा वाचलं होतं ते पान.

"नऊ वर्साचा होतो तवा बापानं सांगतलं,
तुटला त थांबाचं, सांधाचं.
पुढं गेलं का मंग हातभर कापड उसवा लागते."

म्हटलं, काका, एक खूण असते.
तिला रुंदी शून्य. शाई लागत नाही,
कागदावर उमटत नाही,
र आणि य-च्या मध्ये नुसती असते
आणि तिच्यामुळे ते धरून राहतात.
"दिसत नाही?"
नाही.
"मंग बराबर हाये. गाठ दिसली
त बाप कानाखाली देत जाय."

एकशे सत्तावीस ठिकाणी घातली ती खूण.
दोऱ्या, पांढऱ्या, कोऱ्या, विणणाऱ्या.
मोजायची गरज नव्हती. मोजली.

राहिली एक ओळ.
त्याच पानावर, खालून तिसरी,
समासाच्या बाहेर तीन पॉइंट.
शब्द लांब, तोडायला कुठे जागा नाही,
सैल केला तर वरच्या ओळीला भोकं पडतात,
आवळला तर अक्षरं एकमेकांच्या अंगावर.
हेडाऊ पायात चपला सरकवत म्हणाले,
"काठाबाहेर एक सूत गेलं
म्हून लुगडं कोनी फेकलं का?"

ते गेले. भिंग विसरून गेले.
सव्वाआठ वाजले, शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं शटर ओढलं.
मी भिंग उचलून त्या ओळीच्या टोकावर धरलं.
तीन पॉइंट.
भिंगाखाली बोटभर दिसतात.